तळाची तोटी

हौदाच्या तळाची तोटी उघडी कुणी ठेवली, असं पंचफुलानं विचारलं आणि माझ्या शिकवणीचा पहिला दिवस तिथंच संपला.

गणित साधं होतं. सातवीच्या वर्गात असतं तसं. एका हौदाला दोन नळ आहेत. पहिला नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. तळाची तोटी उघडली तर भरलेला हौद बारा तासांत रिकामा होतो. तिन्ही एकाच वेळी सोडले तर हौद किती तासांत भरेल? मी हे मोठ्या आवाजात वाचलं, पाटीवर हौद काढला, हौदाला नळ काढले आणि समजलं का म्हणून वर बघितलं. पंचफुला पदर खोचून बसली होती. कपाळाला आठ्या होत्या.

"तोटी उघडी कामून हाय?" ती म्हणाली.

"गणितात दिलीय तशी."

"दिली म्हणून काय झालं? आधी ती बंद करा, मग भरू की हौद."

"ती बंद करायची नसते."

"हौद कुणाचा हाय ह्यो?"

याचं उत्तर पुस्तकाच्या मागं दिलेलं नव्हतं.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्याच्या मागोमागचं ते साल. नव्या जिल्ह्याला कारकून लागतात म्हणून माझी नांदेडहून इकडं बदली झाली होती आणि पाऊस लागोपाठ दोन वर्षं रुसल्यामुळं मला थेट टंचाई शाखेत बसवलं होतं. कुठल्या गावाला, कुठल्या गल्लीला टँकर कधी जायचा, हे कागदावर उतरवणं माझं काम. म्हणजे हौद, नळ आणि वेळ या तीन गोष्टी मी दिवसभर सरकारसाठी हाताळत होतो. अशा माणसाला आपल्या बायकोला हौदाचं गणित शिकवता येऊ नये, हे मला मान्य होण्यासारखं नव्हतं.

शिकवणीचं कारण असं, की नव्या जिल्ह्यात अंगणवाड्या निघणार होत्या आणि त्यांच्या बायांना सातवी पासची अट होती. पंचफुला बिलोलीला सहावीपर्यंत शिकली. सातवीत गेली ते बहात्तर साल. शाळेची वेळ आणि खडी फोडायच्या कामाची वेळ एकच आली. माझे सासरे लिंबाजी यांनी शाळेत जाऊन गुरुजींना सांगितलं, की पोरगी पाऊस पडल्यावर येईल. पाऊस पुढच्या साली पडला, पण तोवर ती खडीवरच मोठी झाली होती. आता बाहेरून परीक्षा देता येते असं कळल्यावर ती एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "बाकीचं मी वाचून काढीन. गणित तुमी सांगा." मी मॅट्रिकला गणितात बऱ्यापैकी होतो. शिवाय माझी एक पक्की समजूत होती, की गणित हे डोक्यानं करायचं नसतं, ते पायरी पायरीनं करायचं असतं, कचेरीत कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो तसं. मधलं टेबल चुकवलं की कागद परत येतो.

दुसऱ्या दिवशी मी सावध होतो. तोटी कुणी उघडली यावर चर्चा करायची नाही, असं आधीच बजावलं. मग पायऱ्या लिहायला घेतल्या. पहिला नळ एका तासात एक चतुर्थांश हौद भरतो. दुसरा एक षष्ठांश. तोटीचा आकडा एक द्वादशांश. तिन्हींचा छेद बारा केला. तीन, दोन आणि एक. बेरीज सहा. सहा बारांश म्हणजे अर्धा. "एका तासात अर्धा हौद," मी म्हणालो, "म्हणजे पूर्ण हौद दोन तासांत. आलं का ध्यानात? छेद समान केला की गणित आपोआप सुटतं."

पंचफुलानं पाटी आपल्याकडं ओढली. एकेका आकड्यावर बोट ठेवलं. "आनि तोटी बंद ठेवली तर?"

मी हसत हसत तेही करून दाखवलं. तीन आणि दोन पाच. पाच बारांश. म्हणजे हौद भरायला दोन तास चोवीस मिनिटं.

"म्हंजी तोटी बंद केली की उशीर लागतो?"

आमच्या खोलीची आणि शेजारच्या खोलीची भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती. वरून पत्रा होता, मधे हातभर फट. त्या फटीतून आबेदाचा आवाज आला. "तो फिर एक तोटी और लगाओ ना भाईसाब. और जल्दी भरेगा."

मी शिकवणी संपल्याचं जाहीर केलं.

चूक मला हात धुताना कळली. जाणारं पाणी उणे करायचं असतं, मी ते मिळवलं होतं. उत्तर तीन तास. हे मी लगेच जाऊन सांगायला हवं होतं. पण माणूस टॉवेलनं हात पुसेपर्यंत थोडा विचार करतो, आणि तेवढ्यात मला वाटलं की उद्या सांगू, सहज, दुसऱ्या कशाच्या तरी ओघात. तोवर आबेदानं पलीकडच्या दानम्माला सांगितलं होतं.

आम्ही अण्णारावांचे भाडेकरू. गंजगोलाईतलं अडत दुकान मुलाच्या हाती देऊन अण्णाराव घरी बसले होते आणि बसल्या जागेवरून आवारातल्या तिन्ही बिऱ्हाडांवर लक्ष ठेवत होते. एक बिऱ्हाड आमचं. दुसरं आबेदाचं, तिचा नवरा मकबूल शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. तिसरं मलप्पाचं. मलप्पा निलंग्याकडचा, नगरपालिकेत नळ सोडणारा. त्याची बायको दानम्मा निम्मं कानडीत बोलायची आणि ते निम्मंच जास्त तिखट असायचं. आवाराच्या कोपऱ्यात, गल्लीला लागून, अण्णारावांनी बांधलेला सिमेंटचा मोठा हौद होता. त्या साली सगळ्या गल्लीचा टँकर त्यातच रिकामा व्हायचा, म्हणून हौदाला झाकण आणि झाकणाला कुलूप होतं. किल्ली अण्णारावांच्या जानव्याला नव्हती एवढंच, बाकी ती त्यांच्या अंगावरच असे.

सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आलो तर मलप्पा सायकल पुसत होता. "सर," तो म्हणाला, "तोटी उघडली की पाणी वाढतंय म्हनं?"

मी समजावून सांगितलं, की चिन्हाची चूक होती, अधिकच्या जागी उणे पाहिजे.

"असंल," मलप्पा म्हणाला. "पर आमच्या लाइनीवर चार तास पाणी सुटतच न्हाई. मग चार तासात भरतंय कसं? हे गणित लातूरचं न्हाई सर. पुण्याकडचं असंल."

अण्णाराव ओट्यावरून म्हणाले, "सोनकांबळे, तुम्ही टंचाईत हाव. असं काही सापडलं असंल तर साहेबाला कळवाव. जिल्ह्याचं भलं होईल."

दानम्मा आबेदाकडं बघून कानडीत काहीतरी पुटपुटली, त्यातला 'नीरू' हा शब्द मला कळला, म्हणजे पाणी. बाकीचं माझ्याबद्दल होतं.

संध्याकाळी मी पंचफुलाला उणे समजावून सांगायला बसलो. तिनं ऐकून घेतलं. "काल अधिक व्हतं, आज उनं झालं," ती म्हणाली. "तुमच्यावर भरवसा न्हाई असं न्हाई. पर हे डोळ्यानं बघितलं तर डोक्यात बसंल."

याच सुमाराला परीक्षेच्या अर्जाचं चाललं होतं, तेही सांगून टाकतो. अर्ज घेऊन इथल्या कचेरीत गेलो तर तिथला कारकून म्हणाला, की बाहेरून बसणाऱ्यांचं दफ्तर अजून जुन्या जिल्ह्याकडून आलेलं नाही, तिकडं जा. तिकडं गेलो तर म्हणाले, तुमचा जिल्हा आता वेगळा आहे, आम्ही तुमचे कोण. शिवाय शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे, तो नांदेड जिल्ह्यातला. मग एसटीनं बिलोली गाठली. शाळेतल्या बाबूंनी पंचफुलाचं नाव शोधून काढलं आणि विचारलं, "शाळा सोडण्याचं कारण काय लिहू? रकाना कोरा आहे." मी म्हणालो, दुष्काळ लिहा. ते म्हणाले, "कुठला? आता चालू आहे तो का?" हे सगळे लोक माझ्याशी जे बोलत होते ते शब्द मी स्वतः रोज टेबलाच्या आतल्या बाजूनं लोकांशी बोलत होतो. बाहेरच्या बाजूनं ते जरा वेगळे ऐकू येतात. शेवटी अर्ज इथंच घेतला, कारण त्या कारकुनाच्या गावाला टँकर पाहिजे होता.

तर प्रात्यक्षिक. हा शब्द मीच काढला आणि तो सगळ्यांना आवडला. योग असा होता, की अण्णारावांना हौद धुवायचा होता. तळाला चिखल साठला होता आणि बाया तक्रार करत होत्या. हौद एकदा मोकळा झाला, की त्याच दिवशी वरून नळ आणि टँकर दोन्ही सोडायचे, मधे थोडा वेळ तळाची तोटी उघडायची, उरलेला गाळ जाईल आणि माझं गणितही होईल. नळाची पाळी रविवारी होती. टँकर गुरुवारचा होता. तो मी रविवारवर ढकलला आणि कारणाच्या जागी 'रस्ता खराब' असं लिहिलं. रस्ता खराब होताच, पण तो गुरुवारपुरता नव्हता.

रविवारी सकाळी सगळं आवार हौदाभोवती जमलं. अण्णाराव खुर्ची घेऊन आले. आबेदानं चहा केला. हौद धुऊन कोरडा ठणठणीत झाला होता. पंचफुलानं चुलीतला कोळसा घेतला आणि आत उतरून भिंतीवर तळापासून वरपर्यंत बारा रेघा ओढल्या, एकेक द्वादशांश. ते बघून मला बरं वाटलं. मलप्पानं नळ सोडला. टँकर आला, ड्रायव्हरनं पाईप हौदात टाकला. पाणी रेघा गिळत वर चढायला लागलं. सगळे बघत होते. त्या दिवसांत वर चढणारं पाणी नुसतं बघत बसणं हाच मोठा कार्यक्रम होता.

हौद अर्ध्याच्या जवळ आल्यावर मी मकबूलला खूण केली. तोटी गल्लीच्या बाजूनं होती, पितळी, कैक वर्षं कुणी हात न लावलेली. हातानं ती हलेना. मकबूलनं पाना लावला, अंगाचा जोर टाकला, आणि तोटी पूर्ण उघडली. पाण्याची जाड धार गल्लीत पडली. आत वरचं पाणी चढतच होतं, पण आता हळू. पंचफुला हौदावर वाकून बघत होती. "चढून राहिलंय," ती म्हणाली, "पर दमानं."

"दमानं म्हणजेच उणे," मी म्हणालो. माझ्या शिकवण्याच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात चांगला क्षण. तो मी थोडा ताणला. मग मकबूलला म्हणालो, बस, कर बंद.

मकबूलनं पाना फिरवला आणि तोटीचा दांडा पान्याबरोबर त्याच्या हातात आला. तोटी उघडीच राहिली.

"घिस गई थी," मकबूल म्हणाला.

त्याच सुमाराला टँकर रिकामा झाला. ड्रायव्हर पाईप गुंडाळून निघून गेला, त्याला पुढची फेरी होती, ती मीच लावलेली. थोड्या वेळानं नळानं घसा खाकरला आणि तोही गेला. मलप्पा म्हणाला, "माझ्या हातात उघडणं-झाकणं हाय. येणं वरून हाय." गणितातला नळ कधी जात नाही, त्यातला टँकर कधी रिकामा होत नाही, हे मी शिकवताना सांगितलं नव्हतं, कारण मलाही ते तोवर सुचलेलं नव्हतं. आता फक्त तळाची तोटी उरली होती आणि ती आपलं काम चोख करत होती.

सल्ले सुरू झाले. दानम्मानं चिंधी आणली, ती वाहून गेली. मकबूलनं लाकडाची खुंटी तासायला घेतली, ती आधी जाड झाली, मग बारीक झाली. अण्णाराव खुर्चीतून म्हणाले, "हात लावा हो कुणीतरी, हात." कुणीतरी म्हणजे कोण, हे सगळ्यांच्या नजरेवरून ठरलं. मी गल्लीत उकिडवा बसलो आणि तोटीच्या तोंडावर तळवा दाबला. धार थांबली. बाजूनं एक बारीक फवारा माझ्या पायजम्यावर यायचा, तेवढाच. आत जवळजवळ अर्धा हौद पाणी शाबूत होतं. मकबूल दुसरी तोटी आणायला सायकलवर गेला. रविवार असल्यामुळं दुकानं बंद होती, पण हे त्याला गावभर फिरल्यावर कळलं.

उताराला मागची गल्ली होती. तिथं टँकर जात नसे. नव्या यादीत ती गल्ली जुन्या नावानं होती आणि जुन्या यादीत ती नव्हतीच, त्यामुळं तिचा कागद माझ्याच टेबलावर खुलाशासाठी पडून होता. गल्लीतून ओल उतरत आलेली बघून तिथले लोक घागरी घेऊन वर आले. पुढं दगडोबा, मार्केट यार्डातल्या हमालांचा मुकादम. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं, आणि फार अदबीनं म्हणाला, "साहेब, जरा हात काढता का? घागर लावतो."

आता नाही कसं म्हणायचं. त्याच्या मागं बायका उभ्या होत्या. मी हात काढला, घागर भरली, हात लावला. "आता हिची," दगडोबा म्हणाला. मी हात काढला. थोड्या वेळानं त्यांनी रांग लावली आणि मला बोलायची गरजही उरली नाही. घागर पुढं आली की हात बाजूला, घागर उचलली की हात जागेवर. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "हा नवा नळवाला बरा हाय, गडबड करत न्हाई." वरून अण्णाराव ओरडत होते, पण उठून खाली येणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. मी मधेच वर बघितलं तर पंचफुला हौदाच्या काठावर कोळसा घेऊन बसली होती आणि पाणी उतरलं की नवी रेघ ओढत होती. मला तिचा तेव्हा राग आला होता.

दुपारपर्यंत हौद कोरडा झाला. मागच्या गल्लीत एक थेंब वाया गेला नाही. आमच्या गल्लीला मात्र पुढच्या टँकरपर्यंत काही नव्हतं.

त्या आठवड्यात आवारात माझ्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. पंचफुला आणि आबेदा पहाटे उठून लांबच्या विहिरीवर जात, डोक्यावर दोन घागरी घेऊन येत. मी एक दिवस बरोबर जायला निघालो तर पंचफुला म्हणाली, "तुमी ऱ्हाऊ द्या. लोक बघतेत." शिकवणी बंद होती. पाटीवर हौद तसाच होता, तोटी उघडी.

एवढ्यावर ते मिटलं असतं. पण दगडोबा कृतज्ञ माणूस निघाला. तो एक दिवस दहा-बारा लोक घेऊन, हार आणि नारळ घेऊन, सरळ आमच्या कचेरीत आला. साहेब त्या वेळी माझ्या टेबलाजवळ उभे होते. दगडोबानं माझ्या गळ्यात हार घातला, मला नारळ दिला आणि साहेबांना म्हणाला, "असा माणूस न्हाई बघितला साहेब. सोताच्या हातानं पाणी सोडलं आमाला."

"कसलं पाणी?" साहेब म्हणाले.

मी हार घातलेल्या स्थितीत उभा होतो. तो काढावा की ठेवावा हे सुचत नव्हतं. दगडोबानं सगळं सांगितलं, आदरानं, एकही गोष्ट न गाळता.

चौकशी अव्वल कारकून पंढरी बिरादार यांच्याकडं गेली. बिरादार सावकाश माणूस. त्यांनी आवारातल्या सगळ्यांचे जबाब घ्यायचे ठरवले. मलप्पानं सांगितलं, नळ पाळीप्रमाणं सोडला. मकबूलनं सांगितलं, तोटी झिजलेली होती. अण्णारावांनी सांगितलं, हौद माझा, पाणी सरकारचं, अक्कल सोनकांबळ्यांची. टँकर गुरुवारचा रविवारवर का गेला याचं उत्तर मी लेखी दिलं, त्यात 'शैक्षणिक प्रयोजन' असा शब्द वापरला. बिरादारांनी त्याखाली लाल रेघ मारली. माझी बदली होणार असं सगळे धरून चालले होते. बदली म्हणजे दुसरं गाव, आणि दुसऱ्या गावी पुन्हा नवा अर्ज. परीक्षेला थोडेच दिवस राहिले होते.

शेवटी पंचफुलाला बोलावलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली, साहेबांना "जयभीम" म्हणाली आणि दाखवलेल्या खुर्चीत नीट टेकून बसली. साहेब स्वतः आले होते. बिरादार विचारत होते आणि लिहीत होते. गणित काय होतं, तेही त्यांनी लिहून घेतलं, कारण तोटी उघडण्याचं मूळ त्यात होतं. मग जबाब तिच्यापुढं सरकवला आणि अंगठ्याची शाई पुढं केली.

"सही करते," ती म्हणाली. "पर आधी वाचते."

ती बोट ठेवून वाचायला लागली. मी दाराशी उभा राहून बघत होतो. निम्म्यावर येऊन ती थांबली.

"हे दोन तास लिवलेत. तीन पायजेत."

"तुमच्या मालकांच्या लेखी खुलाशात दुसऱ्या दिवशी उत्तर दोन तास सांगितलं असं आहे," बिरादार म्हणाले.

"व्हय, त्या दिवशी तसंच सांगितलं त्यांनी. ते चुकलं व्हतं." तिनं बिरादारांकडं पेन मागितलं नाही, पण हात पुढं केला आणि त्यांनी ते दिलं. "हे बघा. येणारं पाणी तीन आनि दोन. पाच झाले. जाणारं एक. ते मिळवायचं न्हाई, काढायचं. चार राहिले. चार बारांश म्हंजी तिसरा हिस्सा. तासाला तिसरा हिस्सा भरला तर तीन तास." ती एकेक ओळ जबाबाच्या कडेला लिहीत गेली, छेदाखाली छेद, जसं मी सांगितलं होतं तसं. "म्या सोता रेघा मारल्यात. येणारं बंद झालं की नुसतं जाणारं ऱ्हातंय, ते बी बघितलं."

साहेबांनी कागद हातात घेतला आणि वाचला. बिरादार म्हणाले, "साहेब, जबाबाच्या समासात लिहिलंय, चालेल का?" साहेब म्हणाले, "असू द्या."

माझ्या चुकीची अशी पायरी-पायरीनं दुरुस्ती होऊन ती सरकारी दफ्तरात जमा झाली. ती अजून तिथं असेल. मी त्या वेळी मान खाली घातली होती, आणि ती नुसती लाजेनं खाली होती असं मला आजही म्हणता येत नाही.

निकाल आठवड्यात लागला. झालं ते परत घेता येत नव्हतं आणि मागच्या गल्लीला पाणी मिळालं हे नाकारता येत नव्हतं, म्हणून साहेबांनी आदेश काढला: अण्णारावांच्या हौदाची गल्लीकडील तोटी हे मागच्या गल्लीचं अधिकृत वाटपाचं ठिकाण धरण्यात यावं, आणि दोन गल्ल्यांमुळं टँकरची एक फेरी वाढवण्यात यावी. माझ्या टेबलावर खुलाशासाठी पडलेला कागद त्यामुळं एका दिवसात निकाली निघाला. अण्णारावांचा हौद सरकारी यादीत आला. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आदेशाची प्रत दाखवू लागले आणि तोटी आपणच बसवली असं सांगू लागले. मला बदली मिळाली नाही, समज मिळाली. सेवापुस्तकात नोंद झाली, की यापुढे शासकीय पाण्यावर अध्यापन करू नये.

पंचफुलानं परीक्षा दिली. मी केंद्राच्या बाहेर लिंबाखाली उभा होतो. ती बाहेर आल्यावर मी विचारलं, गणित कसं गेलं. ती म्हणाली, "गेलं." निकालात ती पास होती, गणितातही, आणि इतिहासात माझ्या मॅट्रिकच्या मार्कांपेक्षा जास्त. आबेदानं त्या दिवशी शीरखुर्मा केला, ईद नसताना.

पहिली अंगणवाडी मागच्या गल्लीत मंजूर झाली. दगडोबानं तिथल्या लोकांना घेऊन जाऊन सांगितलं म्हणे, की आम्हाला त्या तोटीवाल्या बाईच पाहिजेत. तेव्हापासून तिला ते नाव पडलं. मला 'तोटीवाल्या बाईचे मालक' म्हणतात. कचेरीत कुणी ओळख करून देताना आधी हे सांगतं, मग हुद्दा.

तिच्या कामाचा पहिला दिवस होता त्या संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर घराला कुलूप. घरात आम्ही दोघंच आणि ती नेहमी घरी असायची, त्यामुळं लग्नानंतर कचेरीतून आल्यावर मी दाराला कुलूप कधी बघितलं नव्हतं. दानम्मा म्हणाली, "लेकरं मोजायला गेलीय." मी पायरीवर बसलो. मलप्पानं विचारलं, किल्ली हरवली का. अण्णारावांनी सांगितलं, की बायकोला नोकरी लागली की दोन किल्ल्या कराव्या लागतात, त्यांच्या ओळखीचा एक माणूस आहे. आबेदानं चहा दिला. बऱ्याच उशिरानं पंचफुला आली. हाताला खडू, काखेत रजिस्टर, चपलेला मागच्या गल्लीची माती.

तिनं दार उघडलं, हातपाय धुतले आणि कंदिलापाशी रजिस्टर उघडून बसली. "शेहेचाळीस लेकरं हायत," ती म्हणाली. "खाऊची सुकडी कुणाला किती, ते उद्या सकाळच्या आत बसवायचंय." मी थोडा वेळ उभा राहिलो, ती काही विचारते का म्हणून. तिनं विचारलं नाही. मग मी म्हणालो, "जेवणाचं काय?"

"पीठ डब्यात हाय," ती रजिस्टरातून मान न काढता म्हणाली. "आधी पाणी तापवा. कढत झालं की परातीत पीठ घ्या. मधे खळगा करा. त्यात थोडं पाणी वता, सगळं न्हाई. मग मळा."

मी स्टोव्ह पेटवला. ती सांगत गेली, मी करत गेलो. भाकरी थापताना कडेनं चिरली, तव्यावर टाकताना हातात निम्मी राहिली, आणि जी तव्यावर गेली तिचे तीन तुकडे झाले. फटीतून आबेदा ऐकत असणार, पण तिकडून आवाज आला नाही. मी तुकडे ताटात मांडले, मधे मिरचीचा ठेचा ठेवला आणि ताट तिच्या रजिस्टरशेजारी सरकवलं.

तिनं एक तुकडा मोडला, खाल्ला, पेन्सिलीनं काहीतरी खोडलं, दुसरा तुकडा उचलला.

"उद्या पीठ जरा जास्त मळा," ती म्हणाली.

भाकरी कच्ची होती, ती मी गिळली. 'उद्या' हा शब्द मात्र मला बराच वेळ चावत बसावा लागला.